आधी बोलणारा ओळखा: एम्बेडेड बिल्ड आणि डीबगिंगची प्रस्तावना

मायक्रोकंट्रोलरवरची बहुतेक पुस्तकं टायमर कसा लावायचा, सेन्सर कसा वाचायचा, मोटर कशी फिरवायची ते शिकवतात. प्रत्यक्ष कामाला बसलं की दिवसाचा मोठा भाग भलतीकडेच जातो. कोड लिहून तयार असतो, पण बिल्ड होत नाही. बिल्ड झालाच तर चिपमध्ये उतरत नाही. उतरलाच तर बोर्ड ढिम्म हलत नाही. डीबगर लावावा तर त्याला बोर्डच सापडत नाही. शिकणाऱ्याचा धीर सुटतो तो इथे, आणि अनुभवी माणसाची रात्रही इथेच जाते. हे पुस्तक या अडून बसलेल्या वेळेविषयी आहे.

ते नायगावात लिहिलं गेलं, त्याला कारण आहे. इथून वसईच्या दिशेने पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीचे औद्योगिक गाळे पसरले आहेत. अशा गाळ्यांत पॅकिंग मशीन असतं, मोल्डिंग मशीनचा तापमान नियंत्रक असतो, मोजणीचं यंत्र असतं, पंपाचा टायमर असतो. यांतल्या बहुतेकांच्या पेटीत एखादी चिप असते आणि चिपमध्ये कोणीतरी कधीतरी लिहिलेला प्रोग्रॅम. तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, त्याचा कॉम्प्युटर भंगारात गेलेला असतो आणि मालकाला प्रोग्रॅममध्ये एवढासा बदल हवा असतो. मोठ्या कंपनीत अशा वेळी टूल्सची वेगळी टीम असते. गाळ्यात एकच माणूस सोल्डरिंग करतो, कोड लिहितो आणि मशीन बंद पडलं की फोनही तोच उचलतो. वसईत, पालघरला, मुंबईत अभियांत्रिकी शिकणारी इथली मुलं-मुली प्रोजेक्टच्या वेळी नेमक्या याच खड्ड्यांत पडतात. हे पुस्तक आधी या दोघांसाठी आहे.

पुस्तकाचं सांगणं थोडक्यात असं आहे. अडचण आली की उपाय शोधायच्या आधी ही तक्रार नेमकं कोण करतंय ते ओळखा.

हे सांगावं लागतं, कारण आजची आयडीई सगळं काही एकाच खिडकीत दाखवते. बटण एक, खाली येणाऱ्या लाल ओळींची जागाही एक. खिडकीमागे मात्र वेगवेगळे प्रोग्रॅम रांगेने काम करत असतात. प्रीप्रोसेसर हेडर फाइल्स आणून चिकटवतो. कंपायलर सी भाषेचं रूपांतर करतो. असेंबलर त्यातून ऑब्जेक्ट फाइल बनवतो. लिंकर सगळे तुकडे जोडून प्रत्येकाला पत्ता देतो. मग हेक्स फाइल बनते, प्रोग्रॅमर ती चिपमध्ये उतरवतो आणि डीबगर चिपशी बोलू लागतो. प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं. आपण सांगितलेल्या चिपमध्ये कोड मावतोय का ते लिंकर पाहतो, पण टेबलावरची चिप तीच आहे का हे त्याला ठाऊक नसतं. डीबगरला तार तुटल्याचं कळत नाही, उत्तर आलं नाही एवढंच कळतं. लाल ओळ कोणत्या टप्प्यावर उमटली हे एकदा ठरलं की शोधायची जागा दहापट लहान होते.

एम्बेडेडमध्ये आणखी एक गोष्ट मुळातच निराळी आहे. ज्या कॉम्प्युटरवर कोड लिहिला जातो, तिथे तो चालत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, बोर्डावरची चिप आर्म किंवा एव्हीआर जातीची. त्यामुळे कंपायलर एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी कोड तयार करतो आणि चुकीला दोन्हीकडे जागा मिळते. काही चुका लॅपटॉपमध्ये असतात, काही चिपमध्ये, आणि काही दोघांमधल्या वीतभर वायरमध्ये.

कंपायलरच्या चुका दिसतात भयंकर, पण असतात सगळ्यांत सोप्या. एक हेडर फाइल इन्क्लूड करायची राहिली तर तिच्यात जाहीर केलेलं प्रत्येक नाव अनोळखी ठरतं आणि शंभर एरर उमटतात. वाचायची असते ती पहिली. ती दुरुस्त करा, पुन्हा बिल्ड करा, उरलेल्या बहुतेक आपोआप जातात. हेडर डोळ्यांसमोर असूनही सापडत नसेल तर इन्क्लूड पाथ पाहा. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच मानलं जातं, लिनक्सवर ती दोन वेगळी नावं होतात. मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारा प्रोजेक्ट लिनक्सवर पहिल्याच ओळीला अडतो तो अनेकदा यामुळे. फोल्डरच्या नावात रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली की जुन्या मेकफाइल्स गोंधळतात. विंडोजची पूर्ण पाथ २६० अक्षरांत बसवण्याची जुनी मर्यादा आजही अनेक टूल्सना लागू पडते. डेस्कटॉपवर, फोल्डरात फोल्डर करून उघडलेली झिप फाइल ती सहज ओलांडते. म्हणून या पुस्तकातला पहिला सल्ला अगदी साधा आहे. प्रोजेक्ट ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

लिंकरशी विद्यार्थ्यांची ओळख सगळ्यांत कमी असते, म्हणून या पुस्तकात त्याला सगळ्यांत जास्त पानं दिली आहेत. नायगावच्या खाडीकाठची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचं काम चटकन कळेल. जमीन एकच, पण बांध घालून तिचे चौकोन पाडलेले. कोणत्या चौकोनात काय राहणार ते आधी ठरलेलं, आणि बांधापलीकडे पाणी गेलं की काम बिघडलं. लिंकर स्क्रिप्टमध्ये मेमरीचे असेच चौकोन आखलेले असतात. एसटीएम३२एफ१०३सी८ या लोकप्रिय चिपमध्ये फ्लॅश ६४ किलोबाइट आणि रॅम २० किलोबाइट. एटीमेगा३२ मध्ये फ्लॅश ३२ किलोबाइट आणि रॅम फक्त २. फ्लॅश ओव्हरफ्लो झाल्याची एरर आली की जो तो आपलाच कोड छाटायला बसतो. आधी मॅप फाइल उघडावी. कोणी किती जागा खाल्ली ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. दशांश आकडा छापण्यासाठी वापरलेला एक प्रिंटएफ कित्येक किलोबाइट ओढून आणतो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

लिंकरच्या दोन एरर वारंवार भेटतात. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे फंक्शनचं नाव मिळालं, शरीर मिळालं नाही. बहुधा ती सी फाइल प्रोजेक्टमध्ये टाकायचीच राहून गेलेली असते. कधी लायब्ररींचा क्रम चुकलेला असतो, कधी सी++ मधून सी चं फंक्शन बोलावताना दोघांनी नाव वेगळ्या पद्धतीने नोंदवलेलं असतं. दुसरी ‘मल्टिपल डेफिनिशन’. हिच्यामागे अलीकडचा इतिहास आहे. हेडर फाइलमध्ये एक्स्टर्न न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल टाकायची सवय वर्षानुवर्षं खपून गेली, कारण सी कोडमध्ये अशी दुबार नावं जुना जीसीसी कंपायलर गुपचूप एकत्र करत असे. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने हा मूळ पवित्रा बदलला. तेव्हापासून नवा कंपायलर टाकला की काल चालणारा कोड आज बिल्ड होईनासा होतो. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं, म्हणून माणूस चक्रावतो. दोष मात्र कोडमध्ये पहिल्यापासूनच होता. नवा कंपायलर तो फक्त दाखवून देतो.

आर्म कंपायलरच्या बाबतीत हाच प्रकार आणखी ठळकपणे झाला. केलच्या एमडीके या टूलसंचात कंपायलर ५ बरीच वर्षं सोबत मिळत होता. एमडीकेच्या २०२२ मध्ये आलेल्या ५.३७ आवृत्तीपासून तो सोबत येणं थांबलं आणि क्लँगवर बेतलेला कंपायलर ६ एकटा उरला. जुन्या प्रोजेक्टमधली असेंब्ली, काही प्रॅग्मा, काही खास शब्द त्याला चालत नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा कोड जपून ठेवणाऱ्या गाळ्यात याचा अर्थ एकच. कोड एकटा ठेवून भागत नाही. कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती, कोणते पर्याय, कोणती लायब्ररी, हे सगळं त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवावं लागतं. जमल्यास इन्स्टॉलरही. आवृत्ती नोंदवण्याचं प्रकरण या पुस्तकात सुरुवातीलाच घेतलं आहे, कारण बाकीच्या सगळ्या प्रकरणांचा पाया तोच आहे.

बिल्ड झाला की डीबगरची वाट सुरू होते, आणि तिच्यातही बोलणारे अनेक आहेत. आयडीई जीडीबी या डीबगरशी बोलते. जीडीबी ओपनओसीडीसारख्या सर्व्हरशी बोलतो. सर्व्हर यूएसबीतून एसटी-लिंकसारख्या छोट्या प्रोबशी, आणि प्रोब दोन-तीन तारांतून चिपशी. यातला ओपनओसीडी म्हणजे जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डोमिनिक राथ या विद्यार्थ्याने केलेला २००५ चा पदविका प्रबंध. एका विद्यार्थ्याचं काम जगभरच्या कार्यशाळांत पोहोचलं, ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते. चिप सापडत नाही अशी तक्रार आली की साखळीच्या चिपकडच्या टोकापासून सुरुवात करावी. बोर्डाला वीज आहे का ते मल्टीमीटरने मोजा. ग्राउंडची तार जोडली आहे का? यूएसबी केबल फक्त चार्जिंगची तर नाही? आपल्याच प्रोग्रॅमने डीबगच्या पिना दुसऱ्या कामाला जुंपल्या असतील तर चिपला रिसेटमध्ये धरून जोडणी करावी लागते. हे सगळं तपासायला पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो, आणि पुष्कळदा दोष तिथे नसतोच.

मुंबईकडच्या वाचकांना या साखळीतला एक खास प्रकार माहीत असायलाच हवा. चर्चगेटची लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर ‘ब्लू पिल’ नावाचा निळा बोर्ड स्वस्तात मिळतो. अशा स्वस्त बोर्डांपैकी अनेकांवर एसटी कंपनीची मूळ एसटीएम३२ चिप नसून तिची नक्कल असते. कोड चालतो, दिवे लागतात, पण डीबगर अडतो, कारण तो चिपचा ओळखक्रमांक वाचतो. ओपनओसीडीला पहिला अंक १ अपेक्षित असतो आणि नक्कल केलेली चिप २ सांगते. बाकीचे अंक तेच. क्रमांक अनपेक्षित असल्याचं सांगून सर्व्हर थांबतो. तो संदेश नीट वाचणाऱ्याला दोन गोष्टी एकदम कळतात. तारा आणि प्रोब ठणठणीत आहेत, कारण उत्तर आलेलं आहे, आणि चिप आपण समजतो ती नाही. सेटिंगमध्ये तो क्रमांक मान्य केला की शिकण्यापुरतं काम चालतं. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये मात्र अशी चिप बसवू नये. डेटाशीटमधली हमी तिला लागू होत नाही.

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू. एव्हीआरवर शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या यात अडकल्या आहेत. एटीमेगा३२ च्या पोर्ट सीवर आठ एलईडी लावायचे आणि सगळे पेटवायचे. दोन ते पाच या क्रमांकांचे चार पेटत नाहीत, बाकीचे चार पेटतात. पोर्टवर एलसीडी असेल तर पडद्यावर भलतीच अक्षरं येतात. मुलं तारा बदलतात, एलसीडी बदलतात, शेवटी चिप बदलतात. नवी चिपही तशीच वागते. खरं कारण असं, की कारखान्यातून येतानाच या चिपचा जेटॅग फ्यूज चालू असतो आणि ते चार पाय डीबगिंगसाठी राखलेले असतात. एटीमेगा२५६० मध्ये हेच पाय पोर्ट एफवर, अॅनालॉग सेन्सरच्या वाटेत येतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातून कॉलेजांच्या प्रयोगशाळांत पोहोचलेल्या फायरबर्ड रोबोटमध्ये हीच चिप आहे, म्हणून आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांची या दोषाशी तिथे गाठ पडते.

फ्यूज न बदलता कोडमधूनही जेटॅग बंद करता येतो. त्यासाठी जेटीडी हा बिट चार क्लॉक सायकलच्या आत दोनदा लिहावा लागतो. चुकून बंद होऊ नये म्हणून चिप बनवणाऱ्यांनी घातलेली ही अट आहे. कोडमध्ये तीच ओळ एकाखाली एक दोनदा लिहिली की झालं, असं वाटतं. ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर दोन सूचना लागोपाठ देतो आणि काम होतं. मग कोणीतरी डीबगिंग सोपं व्हावं म्हणून ऑप्टिमायझेशन शून्यावर नेतो. आता कंपायलर प्रत्येक ओळीसाठी पत्ता नव्याने भरतो, दोन लिहिण्यांमध्ये चारपेक्षा जास्त सायकल जातात आणि चिप ती विनंती मानत नाही. कोड तोच, बोर्ड तोच, फक्त बिल्डचा एक पर्याय बदलला आणि एलईडी पुन्हा विझले. बिल्ड आणि डीबगिंग हे दोन वेगळे विषय मानून चालत नाही, हे यापेक्षा स्पष्ट मला दुसऱ्या कशातून दाखवता आलेलं नाही.

ऑप्टिमायझेशनचा उलटा फटकाही नेहमी बसतो. इंटरप्टमध्ये बदलणारं व्हेरिएबल व्होलटाइल म्हणून जाहीर केलं नाही, तर ऑप्टिमायझेशन चालू होताच कंपायलर त्याची किंमत एकदाच वाचून ठेवतो आणि लूप कधी संपतच नाही. डीबग बिल्ड चालतो, गिऱ्हाइकाला द्यायचा बिल्ड अडकतो. अशा वेळी कंपायलरवर बग असल्याचा आरोप फार लवकर होतो. तो आरोप करण्याआधी तपासायच्या गोष्टींची एक यादी पुस्तकात दिली आहे.

कॉर्टेक्स-एम चिपवर काम करणाऱ्याला हार्ड फॉल्टची भीती वाटते. प्रोग्रॅम चालता चालता एका न संपणाऱ्या लूपमध्ये जाऊन बसतो आणि बहुतेक जण रिसेट दाबतात. रिसेट दाबला की पुरावा गेला. फॉल्ट होताच चिप आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवते आणि त्यांतलं सातवं म्हणजे प्रोग्रॅम काउंटर. डीबगरमध्ये तो आकडा पाहा, मॅप फाइलमध्ये शोधा, फॉल्ट झाला तेव्हा कोणतं फंक्शन चालू होतं ते बहुतेक वेळा नावानिशी सापडतं. याच घरातला दुसरा दोष म्हणजे इंटरप्ट हँडलरच्या नावातली स्पेलिंगची चूक. स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक हँडलरची एक कमकुवत, पर्यायी व्याख्या असते. आपलं नाव एका अक्षराने चुकलं तर लिंकर तक्रार न करता ती पर्यायी व्याख्या वापरतो. बिल्डमध्ये एररही नाही, वॉर्निंगही नाही, आणि पहिला इंटरप्ट येताच बोर्ड गोठतो. डीबगर थांबवून प्रोग्रॅम कुठे उभा आहे ते पाहिलं की डिफॉल्ट हँडलरचं नाव समोर येतं आणि उलगडा होतो.

हे सगळं मोठ्या कामालाही लागू पडतं. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिसेट होऊ लागला. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रतिकृतीवर तोच दोष पुन्हा घडवून आणला. घटनांची नोंद ठेवणारी सोय त्यांनी सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेली नव्हती, त्यामुळे कारण सापडलं. हवामानाच्या मोजमापाचं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसत होतं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि अधिक महत्त्वाचं काम ताटकळत राहून वॉचडॉग रिसेट देत होता. कुलपाची एक सेटिंग बदलून यान सुरळीत झालं. आधी दोष हुकमी घडवून आणा, मग कारण शोधा, मग दुरुस्ती करा, हा क्रम त्यांनी मोडला नाही. वालीवच्या गाळ्यातल्या काउंटरलाही हाच क्रम लागतो. शिवाय डीबगिंगची एक वाट तयार मालातही मोकळी ठेवावी हा धडाही इथून घेण्यासारखा आहे. बोर्डावर तीन पिनांची जागा सोडायला खर्च जवळजवळ शून्य येतो.

मराठीत का लिहिलं, हे सांगायला हवं. एररचे संदेश इंग्रजीतच राहणार, डेटाशीटही इंग्रजीतच राहणार, आणि ते वाचता आलेच पाहिजेत. पण कारणांची साखळी समजून घेताना, ‘हे असं झालं म्हणून ते तसं झालं’ असा विचार करताना, माणसाला आपली भाषा लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी भाषेचे पाठ मराठीत आणले. शिकणाऱ्याला विषय आपल्या भाषेत मिळावा हा आग्रह आता एम्बेडेड टूल्सपर्यंत यायला हवा. आयटीआय किंवा पदविका करून गाळ्यात काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे हात कुशल असतात, त्याची नजर तयार असते. इंग्रजी मॅन्युअलची भीती वाटते एवढ्यासाठी त्याने चिपपासून लांब राहावं हे मला मान्य नाही.

पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. प्रकरणांची रचना टप्प्यांप्रमाणे केली आहे. कोण बोलतंय ते ओळखा आणि त्या प्रकरणाकडे जा. प्रत्येक ठिकाणी संदेश कसा दिसतो, तो कशामुळे येतो, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि कुठे थांबायचं ते दिलं आहे. दोन नियम सगळीकडे सारखे आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदल केला की लगेच नोंदवा. तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला तरी आपण काहीच शिकलेलो नसतो, आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोष शोधण्याचं काम नशिबावर किंवा एखाद्याच्या उपजत हुशारीवर सोपवलं जातं, याचा मला मनापासून राग आहे. ‘त्याला जमतं, आपल्याला नाही’ असं म्हणून किती मुलं हा विषय सोडतात! ही विद्या शिकवता येते. तिला पायऱ्या आहेत, आणि त्या कोणालाही चढता येतात. मशीन बंद असतं तेवढा वेळ गाळ्यातल्या कामगाराचे हातही बंद असतात, आणि प्रोजेक्ट अडतो तेव्हा मुलीचा आत्मविश्वास अडतो. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुम्हाला सापडलेला प्रत्येक दोष, त्याचं कारण आणि टूल्सच्या आवृत्त्या लिहून ठेवा आणि शेजारच्या गाळ्याला, मागच्या वर्गातल्या मुलांना दाखवा. पुढच्या माणसाने त्याच दोषावर पुन्हा रात्र घालवू नये, एवढं आपल्या हातात नक्की आहे.

नायगाव (पूर्व), ता. वसई, जि. पालघर